विहिरीतला भंडारा

माझ्या नाकात, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याला, आरपार भोक आहे. बाहेरून दिसत नाही. नारायणगावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "नाना, हे कधी करून घेतलंत?" जसं काय मी हौसेनं नथ घालायला टोचून घेतलंय! मी म्हटलं, "डॉक्टर, ही आमच्या धंद्याची डिग्री आहे." भोसरीला ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की नाकातून रक्त यायचं थांबलं की समज, तू प्लेटर झालास. रक्त थांबतं, कारण तिथं रक्त यायला काही शिल्लकच राहत नाही. पण हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मी सुट्टीला गावी आलो की लोकांना अभिमानानं सांगायचो.

धंदा म्हणजे हार्डक्रोम. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारा चकचकीत दांडा तुम्ही बघितला असेल, जेसीबीच्या हातालाही असतो. तो शोभेसाठी चकचकीत नसतो. त्याच्यावर क्रोमचा पातळ थर असतो, कानशीला दाद न देणारा. थर उडाला की तेल गळायला लागतं आणि मशीन बसतं. मग दांडा माझ्याकडं यायचा. मी तो घासायचो, त्याचं तेल काढायचो आणि टाकीत टांगायचो. टाकीत क्रोमिक ॲसिड, काकवीसारखं काळपट लाल. करंट सोडायचा आणि बसायचं. थर चढला की दांडा बाहेर काढून शेजारच्या साध्या पाण्याच्या टाकीत धुवायचा. त्या काकवीचे चार थेंब साध्या पाण्यात पडले की पाणी पिवळंधमक होतं. तो पिवळा रंग मी भोसरीत आणि मग गावी मिळून एकतीस वर्षं रोज बघितला आहे. झोपेतून उठवून दाखवलात तरी ओळखीन.

गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या पत्र्याच्या शेडमागून खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात, एवढं पुरे. शेड हमरस्त्यापासून आत, माळाच्या उतारावर. टोमॅटो-द्राक्षांच्या फवारणीपंपांचे प्लंजर, जेसीबीचे दांडे, कामाला तोटा नव्हता. गिऱ्हाईकंही एकेक. पिंपरी पेंढारचे एक पाव्हणे घरच्या देवांचे टाक घेऊन आले, "यांना क्रोम मारा नाना, म्हंजी दर सणाला घासायला नगं." मी हात जोडले. म्हटलं, पाव्हणं, देवाला माणसाचा हात लागावा म्हणून तर घासायचं असतं. एकानं बैलाच्या शिंगांना क्रोम होईल का विचारलं. मी म्हटलं, बैलाला टाकीत उलटं टांगायची तयारी असेल तर आणा!

दुर्बिणीवरचे एक साहेबही एकदा यंत्र घेऊन दारात उभे राहिले. "तुमचा रेक्टिफायर आवाज करतो का, बघायचंय." रेक्टिफायर म्हणजे आमचं करंट देणारं खोकं. मी त्यांना त्याच्याजवळ नेलं. "मांजरासारखा गुरगुरतो साहेब, झोपमोड होईल एवढा नाही." ते पोट धरून हसले. त्यांना कानाचा आवाज नको होता, रेडिओचा हवा होता. आकाशातलं बारीक बारीक ऐकतात म्हणे ते, म्हणून आमच्या भागात मोठे कारखाने येऊ देत नाहीत. मोजून झालं, ठीक आहे म्हणाले, चहा पिऊन गेले. आम्ही सगळे तेव्हा छातीठोकपणे सांगायचो, आमच्याकडं कारखाने नाहीत, आमच्याकडचं पाणी एक नंबर.

आता धुण्याच्या पाण्याचं सांगतो. ते पिवळं पाणी कुठंतरी सोडावं लागतं. भोसरीत आम्ही त्यात हिराकस घालून, चुना घालून गाळ बसवायचो. गावी आल्यावर तो खटाटोप कोण करतो? पण मी पाणी ओढ्यात सोडणाऱ्यातला नव्हतो हो! मी शेड टाकली त्या वर्षी गावात स्वच्छतेचं वारं होतं. सांडपाणी उघड्यावर सोडू नका, शोषखड्डा करा, असं ग्रामसेवक घरोघर सांगत होते. मी शेडच्या मागं चांगला पुरुषभर खोल खड्डा खणला. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू, अगदी पत्रकात दाखवल्यासारखा. धुण्याचं सगळं पाणी त्यात. ग्रामसभेत माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. नानांच्या शेडमधून एक थेंब ओढ्यात जात नाही, हे मी कित्येकांना कॉलर ताठ करून सांगितलं. आणि ते खरंच होतं, एक थेंब ओढ्यात जात नव्हता.

आमच्या उताराखाली दोन शेतं ओलांडली की धनगरांची वस्ती आहे. तिथली ठमाबाई माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणतो. तिच्या सासऱ्यानं मेंढरं विकून खणलेली विहीर आहे तिथं. मेंढरं आता थोडीच राहिलीत, मुलगा बिरू कांदा करतो. एके दिवशी सकाळी मी दांडा टांगत होतो, तर बिरू धापा टाकत आला. हातात पाण्याची बाटली.

"नाना, हात जोडा आधी! आमच्या हिरीत देव आला!"

"कोण आला?"

"खंडोबा! समदं पानी भंडाऱ्यावानी पिवळं झालंय. आय म्हनली, नानाला तीर्थ नेऊन दे, त्यो शेजारी हाय."

त्यानं बाटली माझ्यापुढं धरली. उजेडात ती सोन्यासारखी दिसत होती. मी बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती हळद नव्हती. भंडारा पाण्यात घातला की गढूळ दिसतो, तळाला बसतो. हे पाणी काचेसारखं नितळ होतं आणि पिवळं होतं. माझ्या पाठीमागं धुण्याच्या टाकीत जे होतं तेच बिरूच्या हातात होतं. मला वळून ताडून बघायचीसुद्धा गरज नव्हती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"फिकं तर लई दिस दिसत व्हतं. आमाला वाटलं, उन्हाळ्याचं पानी खाली गेलंय. ह्या चार दिसांत एकदम भंडारा."

मी त्याच्याबरोबर गेलो. विहिरीच्या काठावर नारळ फुटले होते, 'येळकोट येळकोट जय मल्हार' चाललं होतं. आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक कॅन घेऊन आले होते. ठमाबाई कळशीतून प्रत्येकाच्या ओंजळीत तीर्थ घालत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. "माझ्या दारात आला रं देव," एवढंच म्हणत होती. आणि तिच्या शेजारी बिरूची बायको मनीषा उभी होती. पाचवा महिना. तिला पहिला मान. भांडंभर दिलं होतं, ती डोळे मिटून पीत होती.

मी काय केलं असेल? ओरडलो असेन, भांडं उडवलं असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं, दुसऱ्याबद्दल ऐकलं असतं तर. माझी दातखीळ बसली. ठमाबाईनं माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं, मी ते ओठाला लावल्यासारखं करून मागं सांडलं. "आक्का, पाणी तपासून घेऊ," असं काहीतरी पुटपुटलो. ती हसली. "देवाला तपासतोस व्हय रं?" सगळे हसले. मी परत आलो, शेडला कुलूप लावलं आणि घरात जाऊन पडलो. दोन दिवस पडलो. ताप आलाय सांगितलं. त्या दोन दिवसांत मनीषा रोज पीत होती, हे मला माहीत होतं. मी असा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझी बायको सुमन त्या वस्तीवरून भाजी घेऊन आली. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "त्या हिरीतलं तुमच्या टाकीतलं हाय ना?"

मी कूस वळवली.

"तुमच्या कपड्यांवर तेच डाग धुतलेत मी जलमभर. मला नका सांगू." मग ती खाली बसली आणि एकदम ओरडली, "अवो, ती पोर पितीया रोज! उठा की! का मी जाऊन सांगू, माझा नवरा भ्यालाय म्हणून?"

मी उठलो. तिनं पुढं काही बोलण्याआधीच चप्पल घातली.

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? देव आलाय म्हणणाऱ्या माणसाला तू 'हे केमिकल आहे' म्हणालास तर तोच तुला विहिरीत टाकील. वाटेत मला आठवलं, हळदीचं कुंकू कसं करतात. हळदीला चुना लागला की हळद लाल होते. बायकांना हे शिकवावं लागत नाही, हळदीचं बोट पुसलेल्या लुगड्याला साबण लावला की लाल डाग पडतो, हे प्रत्येकीनं बघितलेलं असतं. वस्तीवर गेलो आणि म्हटलं, "आक्का, तुझी चुन्याची डबी दे."

"तंबाखू मळायची व्हय? सोडली व्हतीस ना?"

"दे तर खरी."

दोन वाट्या मागून घेतल्या. एकीत देव्हाऱ्यातला खरा भंडारा पाण्यात कालवला, दुसरीत विहिरीचं पाणी. दोन्हींत बोटभर चुना घातला. भंडाऱ्याची वाटी बघता बघता लालभडक झाली. विहिरीच्या पाण्याची पिवळीच राहिली, चुना पांढरा होऊन तळाला बसला. ठमाबाईनं वाकून दोन्ही वाट्या बघितल्या. मग तिनं तिसरी वाटी मागवली, स्वतः विहिरीचं पाणी घेतलं, स्वतः चुना घातला. पिवळंच.

"देव न्हाई हा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडं बघवेना. "मग काय हाय रं नाना?"

"माझ्या शेडचं पाणी आहे आक्का. शोषखड्ड्यातून खाली उतरलंय. विष आहे ते."

बिरूनं माझी गचांडी धरली. मला वाटलं, बरं होईल, मारू दे एकदाचं. पण ठमाबाई त्याला म्हणाली, "सोड त्याला. तुझी बायकू काय पेली त्ये त्याच्याकडून आधी कळू दे, डाक्टरला सांगाया लागंल." तिला तेवढं भान होतं. मला दोन दिवस नव्हतं.

मनीषाला त्याच दिवशी पुण्याला नेलं. मी गाडीत पुढं बसलो होतो, मागं वळून बघितलं नाही. डॉक्टरांना मी रसायनाचं नाव, किती वर्षं, कसलं ॲसिड, सगळं सांगितलं. तपासण्या झाल्या. आत्ता काही दिसत नाही, पण लक्ष ठेवावं लागेल, म्हणाले. मग मी सरकारी कचेरीत जाऊन स्वतः लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. "तक्रार कुणाविरुद्ध आहे?" मी म्हटलं, माझ्याविरुद्ध. त्यांनी चष्मा काढला. असा माणूस त्यांच्या नोकरीत आला नव्हता म्हणे. मला काही फार थोर वाटलं नाही. घर जाळून बंब बोलावणाऱ्याला कोण हार घालतं?

शेड बंद झाली ती कायमची. खड्डा उकरायला जेसीबी आणला, त्याच्या हाताच्या दांड्यावर मीच क्रोम चढवलं होतं. वाळू निघाली, विटा निघाल्या, आणि खालचा मुरूम वर आला तेव्हा ड्रायव्हरनं मशीनच बंद केलं. मुरूम पिवळा होता. एक हात खाली पिवळा, दोन हात खाली पिवळा. मी कडेला उभा राहून "अरे देवा, अरे देवा" करत होतो. शोषखड्डा म्हणजे पाणी शोषून घेणारा, हे मला ठाऊक होतं. शोषलेलं कुठं जातं, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. ग्रामसभेतही कुणी विचारला नाही. आमच्या भाषेत जमिनीत जिरलं म्हणजे संपलं. भांडण जिरतं, जेवण जिरतं, तसं पाणीही जिरलं. तो एक शब्द मला भोवला आणि माझ्यामुळं त्या पोरीला.

माती घातक कचऱ्याच्या गाडीनं गेली. पण विहिरीत आणि विहिरीभोवती जे उतरलं होतं ते कसं काढायचं? जुन्नरकडच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडम आल्या, तरुण, पायात स्पोर्ट्सचे बूट. त्यांनी सांगितलं, "नाना, तुमच्या दारात औषध पडलंय. लोखंडाचं भंगार."

त्यांचं म्हणणं साधं होतं. पिवळं क्रोम पाण्यात विरघळून पळत राहतं, म्हणून विषारी आणि म्हणून आवरत नाही. त्याला लोखंड भेटलं की लोखंड गंजतं आणि क्रोमचा जोर उतरतो. ते हिरवट होतं, पाण्यात राहत नाही, गाळ होऊन बसतं. भोसरीत हिराकस घालायचो ते याचंच भाऊबंद होतं, कारण हिराकस म्हणजेही लोखंडच. लेथवर दांडा कातताना कुरळा कीस पडतो, तो ड्रममध्ये भरायचा, विहिरीचं पाणी खालून वर त्यातून न्यायचं, पुढच्या टाकीत चुना घालून गाळ बसवायचा, मग वाळूतून गाळायचं. माझ्या दारातलं भंगार जाड होतं, बारीक कीस हवा होता, म्हणून मंचरच्या एका लेथवाल्याकडून मी तो पोत्यांनी आणला. निळे ड्रम बसवले, पंप लावला. सारी वस्ती जमली.

पाणी पिवळं आत गेलं आणि पिवळंच बाहेर आलं.

मॅडमनी ड्रममध्ये हात घातला, बोटं एकमेकांवर घासली आणि ती माझ्यापुढं धरली. "नाना, हे तेलकट आहे." अहो, लेथचा कीस तेलकटच असणार, कातताना तेल सोडतात! प्लेटिंगचा पहिला धडा काय? तेल काढ. तेलावर काही चढत नाही, तेलाखाली काही पोचत नाही. जन्मभर पोरांच्या पाठीत धपाटे घालून हे शिकवलं आणि जेव्हा खरंच एखाद्याच्या जिवाशी गाठ होती तेव्हा विसरलो. बिरू थुंकून निघून गेला.

मग मी कीस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळला, धुतला, पातळ ॲसिडमधून काढला, परत धुतला. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. पुन्हा पंप लावला. या खेपेला ड्रममधून निघालेलं पाणी फिक्कट, किंचित हिरवं होतं. चुना पडल्यावर शेणकट गाळ बसला आणि वर राहिलेलं पाणी स्वच्छ. मॅडमनी कुपीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. क्रोम असेल तर पाणी जांभळं होतं. झालं नाही. दुसऱ्यांदा टाकले, तरी नाही. ठमाबाई लांब उभी होती, जवळ आली नाही.

तेव्हापासून हेच माझं काम. किसावर गंजाची साल चढली की तो निकामी होतो, म्हणून दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो. गाळ पिशव्यांत भरून गाडीची वाट बघावी लागते, कुठं टाकून चालत नाही. आणि विहिरीत रोज नवं पिवळं झिरपतं. आधीपेक्षा फिकं, पण झिरपतं. वस्तीला प्यायचं पाणी टँकरनं येतं. गाळलेलं पाणी आधी नुसतं सोडून द्यायचो, मग कांद्याला दिलं, मग मेंढरांना.

मनीषाला मुलगी झाली. वेळेवर, वजनानं चांगली. तिच्या तपासण्या चालू आहेत. सातव्या महिन्यात उष्टावण ठेवलं, मला बोलावलं. मी जाणार नव्हतो, सुमननं ढकललं. त्याच आठवड्यात पुण्याच्या प्रयोगशाळेचा कागद आला होता. गाळलेलं पाणी पिण्याच्या मापात बसतं, असं छापलेलं, खाली शिक्का. मी तो खिशात घालून गेलो होतो. खरं सांगतो, मिरवायला गेलो होतो.

मामानं खीर चाटवली. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. मग बिरूनं तांब्या आणून ठेवला. "ड्रमचं पानी हाय. कागद आलाय ना नाना?" मी कागद काढून दिला. त्यानं वाचला, मान हलवली. मनीषानं वाटीत पाणी ओतलं, चमचा भरला. पोर आ करून बसली होती. मनीषानं चमचा हवेत धरला आणि माझ्याकडं बघितलं.

"नाना, पाजू का?"

कागद तिच्या नवऱ्याच्या हातात होता. मॅडमनी तपासलं होतं, मी तपासलं होतं. रोज तपासतो. हो म्हणायला एक अक्षर लागतं. पण तपासलेलं पाणी वेगळं, हे तांब्यातलं वेगळं. पंप मध्येच थांबला असेल तर? चुना कमी पडला असेल तर?

"नको," मी म्हणालो. "टँकरचं पाज."

मनीषानं चमचा वाटीत ठेवला. चिडली नव्हती ती. सरळ विचारलं, "मग कवा?"

मॅडमना मी हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, जमिनीतून पूर्ण निघायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. कदाचित तुमच्या हयातीत नाही. ते मला मनीषासमोर म्हणवेना.

ठमाबाईनं नातीला मांडीवर घेतलं आणि सुनेला म्हणाली, "त्याला नगं इचारू त्ये. तो लोखंड घालतोय न्हवं, घालू दे."

मी वाटीतलं पाणी बाहेर नेऊन ओतलं आणि ड्रमकडं गेलो.